स्वपरिचयपत्र : आपल्या श्रमांची सत्य नोंद

नोकरी देणाऱ्याला माणूस भेटण्यापूर्वी त्याचा कागद भेटतो. त्या एक-दोन पानांना कोणी बायोडाटा म्हणतात, कोणी रेझ्युमे, तर कोणी सीव्ही. प्रस्तुत लेखात आपण त्याला स्वपरिचयपत्र म्हणू. मुलाखतीचे बोलावणे येणार की नाही, हे पुष्कळदा या कागदावरच ठरते. ते ठरवणारी व्यक्ती आपल्याला ओळखत नसते. आपण कोणत्या वस्तीतून आलो, घरात किती अडचणी होत्या, वसतिगृहाच्या दिव्याखाली किती रात्री जागवल्या, यांतले काहीच तिला ठाऊक नसते. तिच्या टेबलावर अर्जांची चळत असते आणि हाती वेळ थोडा असतो. त्या थोड्या वेळात कागद जे सांगेल, तेवढेच आपण.

आपल्या समाजाच्या दृष्टीने या कागदाचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढले आहे. सरकारी सेवेत संविधानाने दिलेले आरक्षण आहे. खासगी क्षेत्रात ते नाही. कारखाने, खासगी बँका, रुग्णालये, माहिती-तंत्रज्ञान कंपन्या, स्वयंसेवी संस्था येथे जाणाऱ्या तरुणाला स्वतःच्या कागदाच्या बळावरच दार ठोठवावे लागते. ज्या घरात दोन-तीन पिढ्या कार्यालयांत नोकरी करीत आल्या, त्या घरातील मुलाचा कागद वडील, मामा किंवा आत्या तपासून देतात. आपल्या पुष्कळ मुलांना ही सोय नसते. तालुक्याच्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानातील संगणकात पडलेला जुना नमुना, त्यावरचे नाव तेवढे बदलून, ती घेऊन येतात. परिणामी दोन दोष एकाच वेळी घडतात. कागदावर दुसऱ्याचे शब्द राहतात आणि स्वतःचे खरे काम लिहायचे राहून जाते. हे दोन दोष कसे टाळावेत, हाच या लेखाचा विषय आहे.

अर्जाचे प्रकार ओळखावेत

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की प्रत्येक ठिकाणी स्वपरिचयपत्र लागतेच असे नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोग, रेल्वे, सार्वजनिक बँका यांच्या भरतीत ठरलेला ऑनलाइन अर्ज असतो. शासकीय व अनुदानित शाळांतील शिक्षकभरतीसाठी राज्यात ‘पवित्र’ हे संकेतस्थळ आहे. अशा अर्जांत स्वतःची मांडणी करण्यास वाव नसतो. तेथे अचूकता हाच गुण. दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव, जन्मतारीख, जातीच्या दाखल्याचा क्रमांक हे सर्व अक्षर न अक्षर जुळले पाहिजे.

जुन्या पद्धतीच्या बायोडाट्यात वडिलांचे नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, उंची, कायमचा पत्ता अशी माहिती प्रारंभीच येत असे. विवाह जुळवण्याच्या कागदाशी त्याचे नाते अधिक जवळचे. खासगी नोकरीसाठीच्या आजच्या स्वपरिचयपत्रात यांपैकी बहुतेक गोष्टींची आवश्यकता नसते. तेथे वाचणाऱ्याला एकच प्रश्न पडलेला असतो : या जागेचे काम ही व्यक्ती करू शकेल का? जी ओळ या प्रश्नाचे उत्तर देत नाही, ती जागा अडवते.

अध्यापन किंवा संशोधनाच्या जागांसाठी मागितला जाणारा सीव्ही मात्र विस्तृत असतो. त्यात शोधनिबंध, परिषदा, शिकवलेले विषय यांची पूर्ण यादी द्यावी लागते. इतरांसाठी नियम सोपा आहे. नवोदिताने एक पान लिहावे. आठ-दहा वर्षांचा अनुभव असलेल्याने फार तर दोन.

पानाचा क्रम

वर स्वतःचे नाव, त्याखाली गाव व जिल्हा, भ्रमणध्वनी क्रमांक आणि ई-मेल. ई-मेलचा पत्ता स्वतःच्या नावाचाच असावा. महाविद्यालयात गमतीने घेतलेला पत्ता येथे शोभत नाही. वारंवार सिमकार्ड बदलण्याची सवय असेल तर अर्जाच्या काळापुरती तरी ती सोडावी. बोलावणे बंद पडलेल्या क्रमांकावर गेले, तर ते कोणालाच कळत नाही.

त्यानंतर दोन-तीन ओळींचा सारांश द्यावा. येथे बहुतेक नमुन्यांत एक ठरावीक वाक्य आढळते : आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीस हातभार लावण्याची इच्छा आहे. हे वाक्य कोणाच्याही कागदावर चालते, म्हणून ते कोणाविषयीच काही सांगत नाही. त्याऐवजी असे लिहावे : “वाणिज्य शाखेची पदवीधर. किराणा मालाच्या घाऊक दुकानात एक वर्ष टॅलीवर खरेदी-विक्रीच्या नोंदी व जीएसटीची कागदपत्रे तयार केली. मराठी, हिंदी व इंग्रजीत पत्रव्यवहार करते.” तीन वाक्यांत शिक्षण, काम आणि भाषा कळतात.

नुकतेच शिक्षण पूर्ण केलेल्याने पुढे शिक्षण आणि मग अनुभव लिहावा. काही वर्षे नोकरी केलेल्याने आधी अनुभव लिहावा. दोन्हींत सर्वांत अलीकडची नोंद प्रथम यावी. पदवीपासून मागे जात दहावीपर्यंत यावे. गुण टक्केवारीत असतील तर टक्केवारी, श्रेणीगुण असतील तर ते कितीपैकी आहेत हेही लिहावे. ‘७.८’ एवढेच लिहिले तर वाचणारा थबकतो. ‘१० पैकी ७.८’ लिहिले तर थबकत नाही.

कौशल्यांच्या यादीत ‘संगणकाचे ज्ञान’ असे मोघम लिहू नये. एमएस-सीआयटी उत्तीर्ण, एक्सेलमध्ये हजेरीपत्रक व बेरजेची सूत्रे करता येतात, मराठी टंकलेखन ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट शासकीय प्रमाणपत्रासह, असे नेमके लिहावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेल्याने व्यवसायाचे नाव, प्रमाणपत्र देणारे मंडळ, कोणती यंत्रे स्वतः चालवली आणि शिकाऊ उमेदवारी कोठे व किती महिने केली, हे द्यावे. छंदांच्या रकान्यात सवयीने ‘वाचन’ लिहिणाऱ्याने, मुलाखतीत अलीकडे वाचलेल्या पुस्तकाविषयी विचारणा होणारच, हे गृहीत धरावे.

न दिसणारे श्रम शब्दांत आणणे

“माझ्याकडे लिहिण्यासारखे काही नाही” हे वाक्य आपल्या मुलांकडून वारंवार ऐकू येते. ते खरे नसते. निवासी शाळेत वाढलेल्या मुलाने वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून जबाबदाऱ्या पेललेल्या असतात. पहाटेची घंटा, वंदनेची तयारी, पाण्याची टाकी, ग्रंथालयाची कपाटे, लहान मुलांचा अभ्यास, आजारी मित्राला दवाखान्यात नेणे, हे सर्व त्याला काम वाटत नाही. ते रोजचे असल्यामुळे त्याच्या डोळ्यांसमोरून नाहीसे झालेले असते. नोकरी देणारा जे शोधतो, ते मात्र पुष्कळदा यातच असते.

समजा, एका विद्यार्थ्याने लिहिले : “वसतिगृहात भोजन समितीचा सदस्य होतो.” एवढ्यावरून काही कळत नाही. तोच विद्यार्थी असे लिहू शकतो : “वसतिगृह भोजन समितीचा सचिव, दोन वर्षे. १४० विद्यार्थ्यांसाठी धान्य व भाजीपाल्याची साप्ताहिक मागणी काढणे, आवक-जावक वही ठेवणे, महिनाअखेरीस शिल्लक जुळवून अधीक्षकांना हिशेब देणे.” यात एकही मोठा शब्द नाही. पण गोदाम, उपाहारगृह किंवा रुग्णालयाच्या भांडार विभागात माणूस शोधणाऱ्याला हे वाक्य थांबवते. त्याला हवे असलेले काम या मुलाने केलेले आहे.

चौदा एप्रिलच्या जयंती समितीचे उदाहरण घ्या. ‘सामाजिक कार्याची आवड’ या तीन शब्दांत वस्तीतल्या मुलाची कित्येक वर्षे गडप होतात. प्रत्यक्षात त्याने पावतीपुस्तक छापून घेतले, घरोघर फिरून वर्गणी गोळा केली, पोलीस ठाण्यातून परवानगी मिळवली, मंडप व ध्वनिक्षेपकाचे दर ठरवले, मिरवणुकीचा मार्ग आखला आणि शेवटी बैठकीत उभे राहून पै-पैचा हिशेब वाचून दाखवला. हिशेब ठेवणे, वाटाघाटी करणे, शासकीय कार्यालयाशी व्यवहार करणे आणि लोकांना सोबत घेणे, या चार गोष्टी त्यात आल्या. चार ओळींत त्या लिहाव्यात.

वस्तीतील विहारात सायंकाळी पाचवी-सहावीच्या मुलांना गणित शिकवणाऱ्या मुलीने मुलांची संख्या, आठवड्यातील दिवस आणि किती महिने शिकवले, हे लिहावे. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तासांचे काम व सात दिवसांचे विशेष शिबिर असते. त्या शिबिरात आपण नेमके काय केले, ते लिहावे. ‘कमवा आणि शिका’ योजनेत ग्रंथालयात किंवा बागेत काम केले असेल, तर तो रीतसर अनुभव आहे. सुटीत कापड दुकानात, पेट्रोल पंपावर किंवा शेतात काम करणे यात लपवण्याजोगे काहीच नाही. कापूस व सोयाबीनची फवारणी, वेचणी, बाजारभाव स्वतः जाणणारा तरुण कृषी सेवा केंद्राला किंवा ग्रामीण भागात काम करणाऱ्या संस्थेला पुस्तकी उमेदवाराहून उपयोगी ठरू शकतो.

अशी वाक्ये लिहिताना स्वतःला चार प्रश्न विचारावेत. मी काय केले? किती प्रमाणात केले? किती काळ केले? त्यातून काय निष्पन्न झाले? जेथे आकडा खरा आहे, तेथे तो द्यावा. जेथे तो आठवत नाही, तेथे बनवू नये.

जाहिरात नीट वाचणे

एकच कागद पन्नास ठिकाणी पाठवणे सोपे असते. त्याला फळ मात्र क्वचित येते. जाहिरात दोनदा वाचावी. तिच्यात कोणती कामे सांगितली आहेत, त्यांखाली रेघ ओढावी. त्यांपैकी जे आपण खरोखर केले आहे, ते आपल्या कागदावर वरच्या अर्ध्या भागात आणावे. रुग्णालयाला स्वागतकक्षासाठी माणूस हवा असेल तर भोजन समितीपेक्षा रक्तदान शिबिरातील नोंदणीचे काम आधी यावे. लेखनिक हवा असेल तर टंकलेखन व वहीखाते वर यावे. माहिती तीच राहते. बदलतो तो क्रम.

सोबत अर्धे पान पत्र जोडावे. पहिल्या परिच्छेदात कोणत्या जागेसाठी अर्ज आहे आणि जाहिरात कोठे पाहिली, दुसऱ्यात आपल्या कामाचे एक-दोन सर्वांत समर्पक दाखले, तिसऱ्यात मुलाखतीस येण्याची तयारी. ‘कृपा करून मला संधी द्यावी, घरची परिस्थिती हलाखीची आहे’ असा सूर पुष्कळ अर्जांत आढळतो. परिस्थिती खरी असते, तिचे दुःखही खरे असते. परंतु अर्ज ही याचना नव्हे. आपण आपले श्रम व कौशल्य देऊ करीत आहोत आणि त्याचा मोबदला घेणार आहोत. भाषा विनम्र असावी, पण कणा ताठ असावा.

कागद मराठीत लिहावा की इंग्रजीत? जाहिरात ज्या भाषेत आहे, त्या भाषेत. इंग्रजीत लिहिताना अवघड शब्दांच्या मागे लागू नये. जे शब्द मुलाखतीत आपल्या तोंडून सहज निघणार नाहीत, ते कागदावर आणू नयेत.

स्पर्धा परीक्षांची वर्षे आणि इतर खंड

आपल्या तरुणांपुढे आज एक मोठा प्रश्न उभा आहे. पदवीनंतर चार-पाच वर्षे पुण्यात, छत्रपती संभाजीनगरात किंवा नागपुरात अभ्यासिकेत बसून लोकसेवा आयोगाची तयारी केली जाते. निवड थोड्यांचीच होते. बाकीचे जेव्हा खासगी नोकरीकडे वळतात, तेव्हा त्यांच्या कागदावर त्या वर्षांच्या जागी कोरी जागा असते. ती कोरी जागा पाहून वाचणारा मनाला येईल तो तर्क करतो. म्हणून ती भरावी, आणि खरेपणाने भरावी. “२०१९ ते २०२३ : राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, एकदा पूर्वपरीक्षा उत्तीर्ण. या काळात एका खासगी शिकवणीत आठवी ते दहावीच्या मुलांना इतिहास व नागरिकशास्त्र शिकवले.” संविधान, अर्थव्यवस्था, चालू घडामोडी आणि कमी वेळात मुद्देसूद लिहिणे ही या अभ्यासाची कमाई आहे. पत्रकारिता, अध्यापन, सामाजिक संस्थांतील कार्यक्रम-समन्वय, कार्यालयीन पत्रव्यवहार अशा कामांत ती उपयोगी पडते. यश न मिळालेली वर्षे वाया गेलेली असतात असे नाही. परंतु ती कशी गेली, हे आपणच सांगितले पाहिजे.

आईच्या आजारपणामुळे शिक्षण थांबणे, ऊसतोडीच्या हंगामात घरच्यांसोबत जावे लागणे, विवाह व बाळंतपण यांमुळे नोकरी सुटणे, हे खंडही एका ओळीत लिहिता येतात. “कौटुंबिक जबाबदारीमुळे एक वर्ष खंड, त्यानंतर शिक्षण पूर्ण केले” एवढे पुरेसे आहे. दिलगिरीची गरज नाही. विवाहानंतर नाव बदललेल्या भगिनींनी प्रमाणपत्रांवरील नाव कोणते, हेही नोंदवावे आणि नाव बदलाचे राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवावा.

नाव, जात आणि धर्म

हा प्रश्न नाजूक आहे, म्हणून त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक होता तो केवळ नावांत. उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुस्लिम अशी ओळखू येणारी नावे अर्जांवर होती. समान पात्रता असूनही दलित नावाच्या अर्जदाराला पुढील टप्प्याचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश भरली, आणि मुस्लिम नावाच्या अर्जदाराची सुमारे एक-तृतीयांश. आपल्या अनुभवाला या अभ्यासाने आकड्यांचा आधार दिला.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली अशी की बोलावणे न येणे हा प्रत्येक वेळी आपल्या लायकीवरचा निकाल नसतो. दहा ठिकाणांहून उत्तर आले नाही म्हणून खचून जाणाऱ्या मुलाला हे सांगणारे कोणीतरी जवळ असले पाहिजे. दुसरी अशी की उत्तम कागद पूर्वग्रह नाहीसा करू शकत नाही, परंतु नकारासाठी सोयीचे निमित्तही पुरवत नाही. चुकीचे शुद्धलेखन, विसंगत तारखा, मोघम वाक्ये ही निमित्ते आपण स्वतःहून देऊ नयेत, आणि अर्जांची संख्या वाढवावी.

खासगी नोकरीच्या स्वपरिचयपत्रात जात व धर्म लिहिण्याची गरज नाही. ती माहिती त्या कामाशी संबंधित नसते. याचा अर्थ ओळख लपवावी असा नव्हे. शाळेचे नाव, विहारातील शिकवणी, जयंती समितीतील काम यांतून आपली ओळख प्रकट होत असेल तर होऊ द्यावी. त्या कामातून आपले कर्तृत्वही प्रकट होत असते. काय लिहावे याचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. निकष एकच ठेवावा : ही ओळ माझी क्षमता दाखवते का?

शासकीय अर्जाची गोष्ट वेगळी. तेथे जातप्रवर्गाची माहिती हा आपला घटनात्मक हक्क मागण्याचा मार्ग आहे. अनुसूचित जातींतून बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीत स्थान मिळाले ते १९९० च्या दुरुस्तीने, दीर्घ संघर्षानंतर. म्हणून अर्जातील रकाने अंदाजाने भरू नयेत. धर्म व जात यांची नोंद आपल्या जातप्रमाणपत्रावर जशी असेल तशीच करावी, आणि जातवैधता प्रमाणपत्राची प्रक्रिया आधीच पूर्ण करून ठेवावी.

सत्य किती आणि कसे

चौथे शील आपण सर्वांनी शाळेच्या प्रार्थनास्थळी ग्रहण केले आहे. स्वपरिचयपत्राच्या बाबतीत त्याची कसोटी दोन्ही बाजूंनी लागते. न केलेली नोकरी लिहिणे, तीन महिन्यांचे वर्ष करणे, पैसे देऊन अनुभवाचा दाखला मिळवणे हे असत्य आहे. आणि ते व्यवहारातही महाग पडते. अनेक कंपन्या नेमणुकीनंतर पूर्वीच्या मालकाकडे व विद्यापीठाकडे पडताळणी करतात. खोटे उघड झाले तर नोकरी जाते, आणि त्या ठिकाणी पुढे येणाऱ्या आपल्याच मुलांकडे संशयाने पाहिले जाते.

दुसरी बाजू क्वचित बोलली जाते. स्वतःच्या खऱ्या श्रमांना शून्य समजून ते न लिहिणे, हेही सत्याला धरून नाही. आपल्या आईवडिलांच्या कष्टांना समाजव्यवस्थेने कधी काम म्हणून मोजलेच नाही. तीच मोजपट्टी आपण स्वतःला लावू लागलो, तर ती नम्रता राहत नाही. फुगवलेला कागद आणि रिकामा कागद यांच्यामध्ये जे आहे ते जसेच्या तसे मांडणे, हाच येथील मध्यम मार्ग.

संदर्भ देणाऱ्या व्यक्ती

आपले काम जवळून पाहिलेल्या दोन व्यक्तींची नावे मागितली जातात. येथे पदापेक्षा परिचय महत्त्वाचा. आपल्याला कधी न भेटलेल्या लोकप्रतिनिधीच्या शिफारशीपेक्षा तीन वर्षे शिकवलेल्या शिक्षकांचा किंवा वसतिगृह अधीक्षकांचा शब्द वजनदार ठरतो. १९१६ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातून लंडनला निघाले, तेव्हा त्यांचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांना परिचयपत्र लिहिले होते. सेलिग्मन यांनी बाबासाहेबांचा अभ्यास प्रत्यक्ष पाहिला होता, म्हणून त्या पत्राला अर्थ होता. संदर्भासाठी नाव देण्यापूर्वी त्या व्यक्तीची परवानगी घ्यावी आणि कोणत्या जागेसाठी अर्ज केला आहे, हे तिला सांगून ठेवावे.

कागद पाठवताना

मोठ्या कंपन्यांत अर्ज प्रथम संगणकप्रणाली वाचते. चौकटी, दोन स्तंभ, चित्रे, रंगीत पट्ट्या यांत ती गोंधळू शकते. म्हणून साधी मांडणी, ‘शिक्षण’, ‘अनुभव’, ‘कौशल्ये’ अशी सरळ शीर्षके आणि एकच अक्षरवळण ठेवावे. फाइल पीडीएफ स्वरूपात पाठवावी. छापील कागदाचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवू नये. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा, कारण जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर निरर्थक खुणांसारखा दिसू शकतो. फाइलला स्वतःचे नाव व पदाचे नाव द्यावे. ‘नवीन १’ किंवा ‘फायनल २’ नको. ई-मेलच्या विषयाच्या ओळीत जागेचे नाव असावे.

पाठवण्यापूर्वी कागद मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्यावा. स्वतःच्या चुका स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाहीत.

आधार, पॅन किंवा बँक खात्याचे क्रमांक स्वपरिचयपत्रावर लिहू नयेत. निवड झाल्यावर ते अधिकृतपणे मागितले जातात. नोकरी देण्यासाठी नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क किंवा अनामत रक्कम मागणाऱ्यांपासून चार हात दूर राहावे. पालकांनी दागिने मोडून अशा लोकांना पैसे दिल्याच्या घटना आपल्या वस्त्यांना नव्या नाहीत.

शाळा, पालक आणि माजी विद्यार्थी

स्वपरिचयपत्र लिहायला दोन तास लागतात; त्यातला मजकूर घडायला दहा वर्षे लागतात. म्हणून त्याची तयारी पदवीच्या शेवटच्या वर्षी नव्हे, शाळेतच सुरू व्हावी.

पालकांनी घरात एक फाइल राखावी. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला, स्पर्धांची प्रशस्तिपत्रे त्यात क्रमाने असावीत. पत्र्यातून गळणाऱ्या पावसात किंवा वस्तीला लागलेल्या आगीत एका कुटुंबाची सारी कागदपत्रे जाऊ शकतात. म्हणून जी उपलब्ध आहेत ती शासनाच्या डिजिलॉकर सुविधेत घ्यावीत आणि बाकीच्यांच्या प्रती ई-मेलवर जपाव्यात.

शाळेने भोजन समिती, ग्रंथालय, क्रीडा, स्वच्छता, वंदना-संचालन अशा जबाबदाऱ्या पार पाडणाऱ्या विद्यार्थ्यांना वर्षाअखेरीस एक पत्र द्यावे. त्यात कोणते काम, किती काळ व कसे केले, हे लिहिलेले असावे. त्यासाठी खर्च जवळजवळ नाही, परंतु पुढे ते मुलाच्या हातातील पुरावा होते.

आणि माजी विद्यार्थ्यांनी, विशेषतः जे आज स्वतः मुलाखती घेतात किंवा नेमणुका करतात त्यांनी, वर्षातून दोन रविवार द्यावेत. शेवटच्या वर्षातील मुलांचे कागद त्यांच्यासोबत बसून वाचावेत, लाल शाईने दुरुस्त करावेत, खोट्या मुलाखती घेऊन त्यांची भीड मोडावी. इतर घरांत जे काम मामा आणि आत्या करतात, ते येथे आपण करायचे आहे.

आठवीपासूनच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक साधी दोनशे पानी वही घ्यावी, तिला ‘कार्यनोंद’ म्हणावे. दर रविवारी चार ओळी लिहाव्यात : या आठवड्यात मी कोणते काम केले, कोणासोबत केले, काय शिकलो, काय चुकले. पाच वर्षांनी ती वही समोर असली, की “माझ्याकडे लिहिण्यासारखे काही नाही” असे म्हणण्याची वेळ त्या मुलावर येणार नाही. त्याला त्या वहीतून निवडायचे असेल ते एवढेच : या जागेसाठी त्यातली कोणती पाने घ्यावीत.